२०१७ सालाचा ताळेबंद



वर्ष सरले की वर्तमानपत्रे सालभरातल्या घटनांची यादी छापतात. २०१७ च्या यादीत संसदेत मध्यरात्री सोहळा करून लागू केलेला जीएसटी होता, नवे राष्ट्रपती होते, तिहेरी तलाकचा निकाल होता, मिस वर्ल्डचा मुकुटही होता. या घटना मोठ्याच होत्या, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याच बारा महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या पऱ्हाटीच्या वावरात जे घडले, त्याला या यादीत दोन ओळींपलीकडे जागा मिळाली नाही. आज आमच्या बैठकांना येणारी पुष्कळ पोरे तेव्हा शाळेत होती. त्यांच्यासाठी त्या सालाचा ताळेबंद पुन्हा मांडतो आहोत, कारण त्यातली एकही बाकी अजून चुकती झालेली नाही.

साल सुरू झाले तुरीने. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली तेव्हा शहरात हाकाटी झाली. सरकार म्हणाले, कडधान्ये पेरा. शेतकऱ्याने पेरली. पाऊस साथीला आला आणि २०१६-१७ मध्ये देशातले तुरीचे उत्पादन आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाले. बोनस धरून हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारात भाव चार हजारांच्या खाली आले. निर्यातीवर २००६ पासूनची बंदी तशीच होती आणि बाहेरची डाळ बंदरावर उतरतच होती. खरेदी केंद्रांवर कधी बारदाना नाही, कधी जागा नाही. २२ एप्रिलला खरेदी बंद झाली, तेव्हा पोत्यांच्या रांगा केंद्राबाहेर उघड्यावर होत्या. ओरड झाल्यावर ती पुन्हा सुरू करावी लागली. तुरीवरची निर्यातबंदी उठली सप्टेंबरात. तोवर गरजू शेतकऱ्याची तूर कधीच व्यापाऱ्याच्या गोदामात गेली होती. नोटाबंदीने आधीच रोकड आटलेली, त्यात पिकल्याची ही शिक्षा.

मार्च महिन्यात किसानपुत्र आंदोलनाने अन्नत्यागाची हाक दिली. तारीख होती १९ मार्च. १९८६ साली त्याच तारखेला आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले होते. एकतीस वर्षे लोटली तरी कारणे तीच राहिली, ही खंत त्या दिवशीच्या उपाशी पोटांमागे होती.

१ जूनला पुणतांब्याहून शेतकरी संपाला तोंड फुटले. शेतकरी संपावर जातो हेच शहराला नवल होते. ६ जूनला मध्य प्रदेशात मंदसौर येथे पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले. २४ जूनला महाराष्ट्र सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल म्हणाले. मर्यादा दीड लाखाची. त्यावर कर्ज असेल तर वरची रक्कम आधी शेतकऱ्याने भरायची, मगच माफी. ज्याच्याकडे भरायला पैसा असता तो थकबाकीदार कशाला झाला असता? अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे, नवराबायकोने रांगेत उभे राहायचे, तेही डवरणी-निंदणीच्या दिवसांत. प्रत्यक्ष दिलेली रक्कम शेवटी जाहीर आकड्याच्या पुष्कळ खाली राहिली.

आता फवारणीकडे वळू. त्या पावसाळ्यात पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. माणूस आत शिरला की वरून, समोरून, बाजूने फवारा अंगावर. बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप, दमट उकाडा, ओला सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन, डायफेन्थ्युरॉन अशी औषधे एकमेकांत मिसळून मारली गेली. जुलै-ऑगस्टपासून रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येत होते, आणि राज्याचे डोळे उघडायला ऑक्टोबर उजाडला. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली, काहींची नजर अधू झाली. मेलेल्यांत मोठा वाटा दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणाऱ्या मजुरांचा होता.

तेव्हा अधिकारी आणि कंपन्या एका सुरात म्हणाल्या, शेतकऱ्याने काळजी घेतली नाही. आम्ही शेतीशास्त्र शिकलो आहोत, म्हणून याचे उत्तर शास्त्रानेच देतो. विषारीपणाचा लाल त्रिकोण डब्यावर असतो, पण सूचना इतक्या बारीक अक्षरांत की डोळसालाही वाचवत नाहीत. हातमोजे, चष्मा, मुखवटा आणि पूर्ण अंगरखा घालून विदर्भातल्या उकाड्यात माणूस किती वेळ काम करील? जे औषध आपल्या हवामानात आणि आपल्या मजुरीत सुरक्षितपणे वापरताच येत नाही, ते विकायला परवानगी देणारा आधी दोषी. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन तरी आहे. डायफेन्थ्युरॉनवर नेमका उताराच नाही, आणि ज्या स्वित्झर्लंडमधल्या कंपनीचे ते औषध, त्या देशात त्याच्या वापराला बंदी आहे. नोव्हेंबरात पाच औषधांवर पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली, म्हणजे हंगाम सरल्यावर. २०२० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांचे प्रकरण स्वित्झर्लंडच्या बासेलपर्यंत गेले. मोनोक्रोटोफॉसच्या बंदीचा केंद्राचा आदेश यायला २०२३ उजाडले.

फवारणीचे मढे उचलतो न उचलतो तोच बोंडे फुटायला लागली आणि आत गुलाबी अळी निघाली. बीटी २००२ साली आली, दोन जनुकांची २००६ साली. अळी मरावी म्हणून आणलेल्या त्या वाणांना अळी सरावली. असे होणार हे शास्त्राला ठाऊक होते, म्हणूनच भोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता आणि पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी होती. ती का लावायची हे बांधावर येऊन किती जणांनी समजावले? त्यात जिनिंगमध्ये साठलेली सरकी आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड. अळीला बारमाही पंगत मिळाली.

डिसेंबरात नागपूर अधिवेशनात मदत जाहीर झाली, कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि ओलिताला ३७,५०० रुपये. आकडा ऐकून टाळ्या पडल्या. त्यातले १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यायचे होते आणि ८,००० विम्याचे होते. शेतकऱ्यांनी नमुना ‘जी’चे अर्ज भरले, पंचनामे झाले, आणि कंपन्यांचा वाटा वादात अडकला. दुसऱ्याच्या खिशावर हात ठेवून दिलेले दान ते!

या सगळ्या नोंदी एकत्र वाचा. तूर पिकली तेव्हा सरकार बाजारात आडवे आले. औषध विकले जात असताना, ते मंजूर करणारे सरकार हजर नव्हते. बियाणे फसले तेव्हा जबाबदारी कागदावर फिरत राहिली. जिथे सरकारने हात काढायला हवा तिथे तो घट्ट, आणि जिथे माणसाचा जीव राखायचा तिथे ढिला. २०१७-१८ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,०२० रुपये होता. या भावात शेतकरी चांगले औषध, चांगला पंप आणि मजुराला अंगरखा कुठून घेणार? भावाचा प्रश्न आणि फवारणीतला मृत्यू एकाच दोरीची दोन टोके आहेत.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार कामे ठेवतो. एक, प्रत्येक गावात फवारणाऱ्यांची नोंदवही ठेवावी, त्यात मजुरांची नावे आधी. दोन, हंगाम लागण्याआधी तालुक्याच्या दवाखान्यात रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी आणि उताऱ्याची औषधे आहेत का, हे शिष्टमंडळाने जाऊन पाहावे आणि लेखी उत्तर घ्यावे. तीन, फरदड न ठेवण्याचा ठराव गावाने एकदिलाने करावा, कारण एकाने ठेवली तरी अळी सगळ्यांच्या वावरात जाते. चार, बियाणे आणि औषधाची पक्की पावती घेतल्याशिवाय दुकान सोडायचे नाही. पावती नसेल तर दाव्याला पाय नाहीत.

मागणीचे निवेदन सरकारला द्यायचेच आहे. पण ही चार कामे सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहेत. पुढच्या बैठकीला येताना गावची नोंदवही सोबत आणा.