आमिषाची भाषा

‘सेवेच्या आडून धर्मांतर’ हे शब्द आपल्या सार्वजनिक मराठीत इतके रुळले आहेत, की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कुणास भासत नाही. आम्हांस ती भासते.

व्हिसेंट फेरर हे स्पॅनिश जेझुइट १९५२ साली भारतात आले. मनमाडच्या दुष्काळी टापूत शेतकऱ्याने विहीर खणावी आणि त्या श्रमाच्या बदल्यात गहू व तेल घ्यावे, अशी त्यांची रीत होती. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा आदेश निघाला. त्याविरुद्ध हजारो शेतकरी मुंबईच्या वाटेने चालत निघाले. इंदिरा गांधींनी लक्ष घातल्यावर फेरर काही काळ स्पेनला गेले, आणि १९६९ मध्ये परतले ते आंध्रातील अनंतपूरला. २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे कार्य तेथेच चालले. महाराष्ट्राने काय गमावले, हे वेगळे सांगावयास नको.

आमिष म्हणजे गळाला लावलेले मांस. हा शब्द उच्चारताच देणारा फसवा ठरतो, हे उघडच आहे. पण घेणारा मासा ठरतो, तिकडे आपण डोळेझाक करतो. पोतेभर गव्हासाठी श्रद्धा विकील असे ज्याच्याविषयी आपण गृहीत धरतो, तोच शेतकरी एका परक्या माणसासाठी मुंबईची वाट तुडवीत होता. त्याची साक्ष कुणी घेतली?

संविधानाचे पंचविसावे कलम सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य ‘सर्व व्यक्तींना’ देते, केवळ नागरिकांना नव्हे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरविले. तेही मान्य करू. भुकेल्याची असहायता खरी असते आणि मिशनांकडे पैसा असतो, हेही नाकारीत नाही. मग फसवणूक झाली असेल तर खटला भरावा, पुरावा मांडावा. परंतु परकीयास घालवून देण्याचा सरकारचा अधिकार १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात अनिर्बंध ठरला. त्यामुळे आरोप सिद्ध करण्याची तसदी न घेताच शिक्षा देता येते, आणि संशयालाच निकालाची प्रतिष्ठा लाभते.

रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षांनी, स्वतः विचार करून त्यांनी तो निर्णय घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकविताना आपण त्यांच्या मनाच्या या स्वातंत्र्यास दाद देतो. तेच मन मनमाडच्या शेतकऱ्यापाशी असू शकते, एवढे मान्य करावयास आपली जीभ का अडखळावी?