‘हँड्स-ऑन’ म्हणे! पण हात कुठे ठेवायचे?

हे लिहू की नको म्हणून चार दिवस थांबलो. माझे बरेच मित्र प्राध्यापक आहेत, काहींनी मला शाल-श्रीफळही दिलेलं आहे. ते दुखावतील. पण परवा पुन्हा एक पोस्टर तीन ग्रुपमधून माझ्याकडे आलं आणि राहवलं नाही.

‘दोन दिवसांची हँड्स-ऑन कार्यशाळा. अँड्रॉइड ॲप डेव्हलपमेंट. शून्यापासून थेट प्ले स्टोअरपर्यंत! फी फक्त ६०० रुपये. प्रमाणपत्र, चहा-नाश्ता समाविष्ट.’

मंडळी, मी गेली अकरा वर्षं ॲप बनवून पोट भरतो. त्यामुळे या पोस्टरमधली थाप मला लगेच दिसते, पण पोरांना आणि त्यांच्या आईबापांना दिसत नाही. म्हणून आधी ती सांगतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी प्ले स्टोअरवर वैयक्तिक खातं उघडलंय, त्यांना ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते ठरावीक परीक्षकांकडून सलग १४ दिवस तपासून घ्यावं लागतं. आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ केली. खातं उघडायचे २५ डॉलर वेगळे. आता मला सांगा, दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे १४ दिवस कुठून आणणार?

यावर आयोजकांची एक पळवाट असते. ॲप त्यांच्या स्वतःच्या जुन्या खात्यावरून चढवायचं. पोरगं घरी जाऊन सांगतं, "माझं ॲप प्ले स्टोअरवर आहे." नाव दुसऱ्याचं, चावी दुसऱ्याकडे, आणि उद्या त्यात एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी याला बदलता येत नाही. ह्याला ‘माझं ॲप’ म्हणतात होय?

बरं, ते पोस्टर सोडा. मी स्वतः पाहिलेलं सांगतो. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एका कॉलेजची नाहीच.

मला ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून बोलावलं होतं. सकाळी दहाची वेळ. दीपप्रज्वलन, सरस्वतीपूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (माझा परिचय माझ्याच वेबसाइटवरून चुकीचा उतरवलेला), सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. पावणेबारा वाजले. मग चहा. लॅबमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा सव्वाबारा. आत ३० संगणक आणि ११० पोरं. एका खुर्चीवर एक, मागे दोन उभी, दारात उरलेली.

संगणक ४ जीबी रॅमचे. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी लागते आणि सोबत एम्युलेटर चालवायचा तर १६, असं गूगलनेच लिहून ठेवलंय. हे काही गुपित नाही, डाउनलोडच्या पानावरच आहे. कुणी वाचलं नव्हतं. बरं, सॉफ्टवेअर आधी टाकून ठेवलंय म्हणाले, ते फक्त टाकलेलं होतं, एकदाही उघडलेलं नव्हतं. पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडला की ग्रेडल नावाचा प्रकार इंटरनेटवरून लागेल ते सामान ओढायला लागतो. त्यात एम्युलेटरची प्रतिमा. एका यंत्राला ३ जीबी धरा. तीस यंत्रं म्हणजे ९० जीबी, आणि तेही एकाच वेळी, कॉलेजच्या त्या वाय-फायवरून ज्याच्यावर ऑफिसचं कामही चालू आहे. दुपारी दोनपर्यंत पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. पोरं बिचारी ती पट्टी बघत बसली.

दोन-तीन संगणक जरा बरे होते. तिथे एम्युलेटर सुरूच होईना, कारण बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद. मी म्हटलं चालू करू. तर बायोसला पासवर्ड, आणि तो ज्या दुकानदाराने संगणक पुरवले त्याच्याकडे. तो फोन उचलेना.

मग काय, प्रोजेक्टर लावला आणि मी माझ्या लॅपटॉपवर ॲप बनवून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढले. एक सर मोबाइलमध्ये ते अक्षांश-रेखांश छापणारं ॲप उघडून फोटो घेत होते, कारण नॅकच्या फाइलला जिओटॅग केलेले फोटो लागतात. दुसऱ्या दिवशी चार वाजता ११० प्रमाणपत्रं वाटली. ती आधीच छापून आलेली होती. त्यांच्यावर ‘यशस्वीरीत्या पूर्ण केले’ असं होतं. काय पूर्ण केलं? ११० पैकी एकाच्याही हाताने एक ओळ चालली नव्हती.

आणि मी मानधनाचं पाकीट घेऊन घरी आलो. हेही लिहायला हवं. अशा तीन कार्यशाळा मी केल्यात. ‘पोरांना निदान कल्पना तरी येते’ अशी स्वतःची समजूत घालत केल्यात. त्यामुळे ही पोस्ट माझ्यावरही आहे.

२०१६ मध्ये गूगलने भारतात तीन वर्षांत २० लाख अँड्रॉइड डेव्हलपर घडवण्याची घोषणा केली होती. तेव्हा मीही हुरळलो होतो. पण आकडा मोठा झाला की माणसं मोजायची पद्धत बदलते. मग ‘किती जणांनी बनवलं’ कुणी विचारत नाही, ‘किती जण बसले’ विचारतात. बसलेली माणसं मोजायला सोपी, त्यांची सही घेता येते.

शिकवणारेही बघा. एका ठिकाणी माझ्या आधीच्या वक्त्यांच्या पीपीटीत एक्लिप्सचं चित्र होतं. त्या एक्लिप्सच्या प्लगिनचा आधार गूगलने २०१५ अखेरीस काढून घेतला, समोरची पोरं तेव्हा पाचवीत असतील. पुढच्या स्लाइडवर एसिंकटास्क, जे २०२० सालच्या अँड्रॉइड ११ पासून कालबाह्य ठरवलंय. २०१९ पासून गूगल कॉटलिनला पहिला मान देतंय आणि हे अजून त्याच जुन्या जावाच्या वह्या चाळतायत. जावा वाईट नाही हो, पण ज्याला नोकरी हवी त्याला सांगा तरी की बाबा, बाहेर आता काय चालतं.

आता नेहमीचं उत्तर येईल, "यूट्यूबवर सगळं फुकट आहे, ज्याला शिकायचं तो शिकतो." अर्धं खरं आहे. गूगलचा स्वतःचा कॉटलिनचा कोर्स फुकट आहे, चांगला आहे, मी नव्या पोरांना तोच देतो. पण घरी एकट्याने बसलेलं पोरगं अडकतं कुठे, तर पहिल्या लाल अक्षरांपाशी. ॲप उघडतं आणि बंद पडतं. खाली लॉगकॅटमध्ये इंग्रजीच्या ऐंशी ओळी. त्यातली कामाची ओळ कोणती, हे शेजारी बसून बोट ठेवून दाखवणारं माणूस लागतं. कार्यशाळेचा उपयोग नेमका तेवढाच आहे आणि नेमका तोच वेळ आपण सत्कारात घालवतो.

एक दुसरा अनुभव सांगतो, म्हणजे मी उगाच खवळलोय असं वाटायचं नाही. गेल्या वर्षी एका छोट्या कॉलेजात, तालुक्याच्या गावी, तिथल्या लॅब असिस्टंटने मला दहा दिवस आधी फोन केला. "सर, काय काय लागेल ते सांगा, मी करून ठेवतो." त्या माणसाने एका संगणकावर सगळं डाउनलोड केलं, ग्रेडलचं सामान पेनड्राइव्हवर घेतलं आणि बारा यंत्रांवर उतरवून प्रत्येकावर एकदा ॲप चालवून बघितलं. एम्युलेटरचा नाद सोडला. पोरांचे स्वतःचे फोन केबलने जोडले. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की फोन डेव्हलपर मोडमध्ये जातो, पोरांना त्याचीच केवढी गंमत. २४ पोरं, दोघांत एक यंत्र. उद्घाटन दहा मिनिटांत, उभ्या उभ्या.

त्यात एक मुलगी होती. घरी दोन म्हशी, दूध डेअरीला. तिने दुधाचा हिशेब करायला घेतला. लिटर टाकायचे, दर टाकायचा, दहा दिवसांचं बिल किती होतं ते बघायचं. इतकंच. तिचं ॲप सहा वेळा बंद पडलं. रिकाम्या रकान्यात आकडा नसताना बटण दाबलं की कोसळायचं. मी मुद्दाम सांगितलं नाही, फक्त लॉगकॅटची ओळ दाखवली. अर्ध्या तासाने तिने स्वतःच शोधलं. मग मला विचारते, "सर, केबल काढली तरी हे राहतंय का फोनात?"

राहतं म्हटल्यावर तिने केबल काढली, परत उघडून बघितलं आणि एपीके भावाला व्हॉट्सॲपवर पाठवून दिलं. त्याने तिकडून पहिलं काय कळवलं, तर "अगं, फॅट कुठाय? फॅटशिवाय दर कसा निघंल?" म्हणजे वापरणाराची पहिली तक्रार आली, तीही त्याच दिवशी! तिने रात्री फॅटचा रकाना घातला. तिला प्रमाणपत्र मिळालं की नाही मला आठवत नाही.

या कार्यशाळेला खर्च किती आला म्हणाल, तर मोठ्या कॉलेजच्या फ्लेक्स आणि स्मृतिचिन्हांपेक्षा कमी. त्यामुळे ‘परवडत नाही’ हे मला कुणी सांगू नये.

पालकांनो, पोरगं ६०० रुपये मागायला आलं तर द्या, पण आधी आयोजकांना एक फोन करा. यंत्रं किती आणि पोरं किती, हे विचारा. संध्याकाळी पोराच्या स्वतःच्या फोनवर त्याने स्वतः बनवलेलं काहीतरी चालेल का, हे विचारा. उत्तर ‘प्रमाणपत्र मिळेल’ असं आलं तर समजून जा. आणि कॉलेजांनो, व्याख्यान ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, पोस्टरवर ‘व्याख्यान’ लिहा. त्यात लाज काय? पण ‘हँड्स-ऑन’ म्हणून पैसे घेऊन पोरांचे हात टाळ्या वाजवायला वापरू नका.

पुण्यात मुलाखती घ्यायला मी बसतो. बायोडाटात चार-चार कार्यशाळा असतात. मी म्हणतो, "तुझ्या फोनवर तू बनवलेलं काहीही दाखव, कसलंही." आपल्याच भागातलं पोरगं असतं, आपल्याच बोलीत बोलतं, आणि खाली बघतं. मला त्याचा राग येत नाही, त्याच्याकडून पैसे घेणाऱ्यांचा येतो.

ज्या पोस्टरवरून हे सगळं सुरू झालं, त्या आयोजकांनी मलाही बोलावलंय. मी होकार दिलाय, मानधन नको म्हणून कळवलंय आणि तीन अटी घातल्यात: ४० च्या वर पोरं नकोत, यंत्रं आदल्या दिवशी मला तपासायला द्यायची, आणि ज्याच्या फोनवर ॲप चालेल त्यालाच प्रमाणपत्र. चार दिवस झाले, अजून उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच कळवतो. तोवर कुणाला ते पेनड्राइव्हवरचं सामान हवं असेल तर रविवारी घरी या, ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घेऊन या.