आता आपल्याला अडवतंय कोण?

फुले-आंबेडकरांचा विचार मानणाऱ्या बंधुभगिनींनो,

तुळशीचं लग्न आटोपलं की मुहूर्त निघतील आणि आपल्याच कार्यकर्त्यांच्या घरच्या पत्रिका येऊ लागतील. वर जोतीराव-सावित्रीबाईंचं चित्र, खाली घटका-मिनिटांचा मुहूर्त. मांडवात मुलीचा बाप जावयाचे पाय धुणार, कन्यादान करणार. बाहेर ‘स्वखुशीनं’ दिलेली गाडी उभी. ११ एप्रिलला जोतीरावांच्या जयंतीच्या व्यासपीठावरून बोललेला माणूसच हे करतो, म्हणून हे पत्रक.

२५ डिसेंबर १८७३ला सीताराम आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा पहिला सत्यशोधक विवाह झाला, तेव्हा सत्यशोधक समाज स्थापन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ साली भटजीविना लग्न लावलं, तर गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्ट गाठलं. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. गावात राहून, शेती सांभाळून ती माणसं हटली नाहीत.

आणि ती कशासाठी भांडत होती? फक्त भटजी टाळायला नव्हे. जोतीरावांनी १८८७ मध्ये छापलेल्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते, बायकांना स्वातंत्र्य ठाऊकच नाही असं भर मांडवात सांगते, आणि त्यांच्या हक्कांसाठी झटण्याचा शब्द वराला द्यावा लागतो. कन्यादानात मुलगी बोलत नाही, ती दिली जाते. या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदू शकत नाहीत.

जातपंचायतीच्या जाचात आजही जगणाऱ्या कुटुंबांना आम्ही बोल लावत नाही. त्यांच्या पाठीशी उभं राहणं आपलं काम आहे. प्रश्न आपल्याला आहे, पगारदार, शिकलेल्या, स्वतःच्या फ्लॅटात राहणाऱ्यांना. आपल्यावर फिर्याद होणार नाही, पाणी तुटणार नाही. पाहुणे नाक मुरडतील, एवढंच. तेवढ्यावर आपण विचार सोडतो आणि म्हणतो, ‘मोठ्यांचं मन राखायचं होतं.’ आजीचं मन राखायचं तर तिच्याजवळ बसून बोलावं लागतं. ड्रोनवाल्याशी, केटररशी तासन्‌तास बोलणाऱ्या आपल्याला तेवढी सवड होत नाही.

विशेष विवाह कायदा १९५४ पासून आहे: तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. सत्यशोधक विधी तर घराच्या अंगणातही होतो. कर्ज काढावं लागत नाही.

घरात लग्न ठरलं असेल तर पत्रिका छापायला टाकण्याआधी आम्हाला सांगा. विधी लावायला, मुलाकडच्यांशी आणि आजी-आजोबांशी बोलायला आम्ही येऊ. दक्षिणा घेत नाही.

— सत्यशोधक विवाहाचा आग्रह धरणारे कार्यकर्ते