वास कपड्यांना, शिक्षा कातडीला!

"डॉक्टर, माझ्या घामातच काहीतरी दोष आहे. कपडे कितीही धुतले तरी वास जात नाही."

हे सांगणारे गृहस्थ रोज सायकल चालवतात आणि त्यामुळेच त्यांची शुगर आटोक्यात आहे. जांघेत लालभडक पुरळ होतं. पॅडवाली सायकलिंगची चड्डी ते रोज अँटीसेप्टिक द्रवात भिजवत, वरून फॅब्रिक सॉफ्टनर घालत. पुरळ आल्यावर मेडिकलमधून विचारून स्टिरॉइडचं मलम आणलं. वास तसाच राहिला आणि सायकल मात्र बंद पडायची वेळ आली.

मित्रांनो, दोष त्यांच्या घामात नव्हता. दोष आहे 'वास म्हणजे जंतू, जंतू म्हणजे औषध ओता' या शिकवणीत.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे जीवाणू घाम आणि तेलकट स्राव यांचं विघटन करतात, तेव्हा वास येतो. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पण तेल धरून ठेवतं. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये 26 जणांचे टी-शर्ट तासभराच्या स्पिनिंग सायकलिंगनंतर तपासले. पॉलिस्टरचा वास सुतीपेक्षा जास्त उग्र होता आणि मायक्रोकॉकस जातीचे जीवाणू पॉलिस्टरवर जोमाने वाढले होते. म्हणजे तोच माणूस सुती बनियनमध्ये सुटला असता!

"पण अँटीसेप्टिकने जंतू मरतात ना?" काही मरतीलही. पण धाग्यातलं तेल तसंच राहतं आणि उद्याच्या राइडला तुमच्याच त्वचेवरून नवे जीवाणू येतात. नीट न निघालेलं रसायन मात्र पॅडमध्ये राहून तासन्‌तास नाजूक कातडीवर घासत राहतं. सॉफ्टनर तर धाग्यावर थर चढवतो. घाम खेचायची कापडाची ताकद कमी होते. सुगंध म्हणजे कचऱ्यावर चादर.

मग करायचं काय?

1. घरी आल्यावर कपडे टोपलीत कोंबू नका. धुणं जमत नसेल तर साध्या पाण्यात खळबळून दोरीवर टाका.
2. कपडे उलटे करा. तेल आतल्या बाजूला असतं. एन्झाइमवाली पावडर कोमट पाण्यात घालून अर्धा ते एक तास भिजवा. उकळतं पाणी नको, इलॅस्टिक जातं.
3. पावडर मोजूनच घ्या. जास्त घातली तर कपड्यातच राहते.
4. जुन्या हट्टी वासासाठी एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी; अर्धा तास भिजवून मग धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.
5. पॅड आतपर्यंत वाळल्याशिवाय चड्डी घालू नका. पावसाळ्यात दोन जोड ठेवा.

अंघोळ करून स्वच्छ सुती कपडे घातल्यावरही वेगळाच वास येत असेल, घाम अचानक वाढला असेल किंवा गोल, खाजरे चट्टे उठले असतील, तर जरूर दाखवा. नायट्यावर स्टिरॉइडचं मलम परस्पर लावू नका. खाज दबते, नायटा पसरतो.

त्या गृहस्थांचे द्रव आणि मलम दोन्ही बंद केले. पुरळ गेलं, सायकल सुरू आहे.

तुमची कातडी कपड्यांच्या वासाची गुन्हेगार नाही. तिला शिक्षा देणं थांबवा.