दारावरची वेळ, भट्टीची वेळ

हॉटेलच्या दारावर बंद होण्याची वेळ एकच लिहिलेली असते. आत मात्र तिचे तीन भाग असतात: शेवटची ऑर्डर घेण्याची वेळ, भट्टी विझवण्याची वेळ आणि शटर ओढण्याची वेळ. गिऱ्हाईक आत येते ते शटरच्या वेळेवर विसंबून, आणि त्याला वाढले जाते भट्टीच्या वेळेप्रमाणे. रात्री उशिरा बाहेर जेवून चिडून घरी परतणाऱ्या बहुतेक कुटुंबांची तक्रार इथेच येऊन थांबते, असे आम्हाला वाटते.

आपल्या घरांतून निघायला उशीर होतो, त्यालाही कारण आहे. उन्हाळ्यात ईशाची जमात नऊच्या आसपास. पुरुष मंडळी मशिदीतून येणार, मग मुलांची तयारी, म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या, रिक्षा शोधणे. दहा कधी वाजून जातात कळत नाही. त्यातून बाहेर जेवायचे म्हणजे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. घरातल्या बायकांना तेवढीच एक रात्र चुलीपासून सुट्टी असते.

गेल्या महिन्यात चिपळूणहून खाला आणि तिच्या लेकी आल्या होत्या. आम्ही लहानथोर नऊ जण शहरातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या हॉटेलात गेलो. पाटीवर साडेअकरा लिहिलेले, आम्ही पोहोचलो पावणेअकराला. काउंटरवरच्या माणसाने हसून "या, बसा" म्हटले, दोन टेबले जोडून दिली, मेनूकार्डही दिले. इथवर सगळे ठीक.

अम्मीला दातांमुळे नरम रोटी लागते. तंदूर बंद झाली होती. मग रुमाली? तीही नाही. "राइस घ्या," वेटर म्हणाला. बिर्याणी आली ती हंडीच्या तळाची, भात कडक आणि मसाला एकाच कोपऱ्यात गोळा झालेला. खालाच्या धाकटीला फिरनी हवी होती. काचेच्या फ्रिजमध्ये मातीच्या वाट्या दिसत होत्या, पण त्या मोजून उद्याच्या हिशेबात गेल्या होत्या, म्हणून "संपली." तेवढ्यात एसी बंद झाला. शेजारच्या टेबलावर खुर्च्या उलट्या चढल्या, आणि आमच्या पायाखालून फिनाइलचे फडके फिरायला लागले. कबाब तोंडात आणि वास फिनाइलचा! कुणी बिल मागितलेही नव्हते, ते बडीशेपेसकट समोर आले. दर पूर्ण, वर १० टक्के सर्व्हिस चार्ज.

दुल्हाभाईंचा पारा चढला. ते वेटरच्या मुलावर ओरडले. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा असेल. उत्तर न देता तो फक्त काउंटरकडे बघत राहिला. अम्मीनेच मध्ये पडून म्हटले, "त्याला कशाला बोलता? आत बसवलं ते त्याने नाही."

अम्मीचे म्हणणे बरोबर होते. हॉटेलचे स्वयंपाकघर दिवा मालवावा तसे एका क्षणात बंद होत नाही. तंदूर आधी जाते, कारण तिचे निखारे निवायला वेळ लागतो, आणि एकदा ती निवली की दोन रोट्यांसाठी पुन्हा तापवणे परवडत नाही. मग कढईतले तेल गाळायचे, ग्रेव्ही थंड करून फ्रिजमध्ये ठेवायची, सळया घासायच्या, उरलेला माल लिहायचा. हे सगळे शटर पडायच्या आधी तासभर सुरू होते, कारण माणसांना त्यानंतर घरी जायचे असते. कुणाला शेवटची लोकल गाठायची असते, तर कुणाला घर परगावी असल्यामुळे तिथेच टेबले जोडून झोपायचे असते. यूपी-बिहारकडून आलेली कितीतरी पोरे अशीच झोपतात. उशिरा आलेले नऊ जणांचे कुटुंब म्हणजे त्यांच्यासाठी सरळ तासाभराची झोप.

त्या तासाचे पैसे त्यांना मिळतात का, हा खरा सवाल. १९४८ चा जुना दुकाने कायदा जाऊन महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. त्यात ठरलेल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला आहे. कागदावर चांगले आहे. पण ज्या मालकाने शेवटच्या तासाचे गिऱ्हाईक घेतले, त्याने जादा तास लिहिला नाही, तर ते ओझे वेटरवर पडते आणि वेटरकडून आपल्या ताटात येते. ते ताट वाईट असते याचे आम्हाला नवल वाटत नाही. पैसे पूर्ण घेऊन ते वाढले जाते, याची मात्र चीड येते.

म्हणून आमचा राग होता तो "या, बसा" या दोन शब्दांवर. मुंबई-गोवा रस्त्यावर महाडजवळच्या एका लहानशा हॉटेलात एकदा रात्री अकराला थांबलो, तर मालकाने दारातच सांगितले, "भाईजान, रोटी संपली. डाळ, भात आणि अंडी आहेत, दहा मिनिटांत देतो. चालेल तर बसा." बसलो. डाळ वाफाळती होती. त्या रात्री कुणालाही काही कमी पडल्यासारखे वाटले नाही.

आता सर्व्हिस चार्जविषयी, कारण अनेक वाचक तो कर समजून भरतात. हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी सरकारचा असतो, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हॉटेल स्वतः लावते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून तो बिलात आपोआप जोडण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे उचलून धरली. शांतपणे "हा काढून द्या" म्हणता येते. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आम्ही तो काढायला लावला. थोडी कुरकुर झाली, पण निघाला. त्यातली काही रक्कम अम्मीने त्या मुलाच्या हातात ठेवली. दुल्हाभाईंना ते पटले नाही. घरी जाईपर्यंत त्यावरून वाद चालला, आणि आमच्या घरात तो अजूनही मिटलेला नाही.

दहानंतर जायचे असेल तर बसण्याआधी दारातच विचारावे: भट्टी चालू आहे का, रोटी मिळेल का, शेवटची ऑर्डर किती वाजता? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर बिर्याणी पार्सल घेऊन घरी दस्तरखान घालावे. मुलांना तेही आवडते.

आमच्या वाचकांत हॉटेलचा धंदा करणारी घरे बरीच आहेत. त्यांना एवढेच सांगणे की पाटीवर 'रात्री ११.३० पर्यंत' याच्या खाली 'रोटी १०.३० पर्यंत' अशी आणखी एक ओळ रंगवायला पेंटर फार पैसे घेत नाही.