धूमकेतू नव्हे, शेंडेनक्षत्र

मराठीत एखाद्याने मुलांसाठी लिहिले, की आपण त्याच्याकडे थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा दुर्लक्षाने पाहतो. हात बसला म्हणजे मोठ्यांसाठी लिहू लागेल, अशी आपली समजूत! भास्कर रामचंद्र भागवत यांचा हात चांगला बसला होता, तरी ते मुलांच्या पंक्तीतून उठले नाहीत. इंदूरला ३१ मे १९१० रोजी जन्मलेले भा. रा. २७ ऑक्टोबर २००१ रोजी गेले. मधली कितीतरी वर्षे त्यांची लेखणी मुलांच्याच चाकरीत होती. पत्नी लीलावतीबाई याही बालवाङ्मयातल्याच, तेव्हा घरातूनही ‘आता काहीतरी मोठे लिहा’ असा आग्रह झाला नसावा.

१९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढले. मुलांचे मासिक चालवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. वाचणारे हजार, पण पैसे त्यांच्या वडिलांच्या खिशात, आणि वडिलांना वाटते की पोराने अभ्यास करावा. काही वर्षांनी ‘बालमित्र’ बंद पडले. भागवतांचे लिहिणे मात्र थांबले नाही.

वर्गात मी त्यांच्या एका पुस्तकाचे नाव फळ्यावर लिहितो : ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे हे मराठी रूप. ‘धूमकेतू’ हा शब्द हाताशी असताना, तोही भारदस्त, भागवतांनी शेंडेनक्षत्र घेतले. अंगणात उभे राहून आजीने आकाशाकडे बोट दाखवून सांगावा, असा हा शब्द. वर ‘मुक्काम’, म्हणजे जणू लग्नाला निघालेल्या वऱ्हाडाने वाटेत उतरावे! भाषांतर कसे करावे यावर माझ्या पिढीने पुष्कळ व्याख्याने ऐकली. या दोन शब्दांत मला त्यांतल्या बऱ्याच व्याख्यानांहून अधिक सापडते.

पण भागवत घरोघर पोचले ते फास्टर फेणेमुळे. बनेश फेणे, गाव फुरसुंगी. अंगाने काटकुळा, सायकलवर स्वार, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात आलेला. अचंबा वाटला की तोंडातून ‘ट्टॉक्!’ निघालेच. त्याआधीचा आमचा पुस्तकी मुलगा फार शहाणा असे. चुकला तर शेवटच्या पानावर रडून सुधारे. फेणे सुधारायला आलाच नव्हता. तो नको तिथे नाक खुपसतो, संकटात सापडतो आणि स्वतःच्या डोक्याने सुटतो. सगळी वीस पुस्तके सारखीच उतरली आहेत, असे मी म्हणणार नाही. काहींत योगायोगाला फार राबवून घेतले आहे. तरीही १९८०च्या दशकात तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली चित्रपटातही. तिथे मात्र तो चांगला मोठा तरुण झाला होता, जे मला काही केल्या पचले नाही.

आता रानशेतचे सांगतो, कारण मी राहतो तिथे. डहाणू तालुक्यातले हे गाव, भोवती वारल्यांचे पाडे. आमच्या शेजारचा सहावीतला मुलगा घरी वारली बोलतो; शाळेची मराठी त्याला पाहुण्यासारखी. त्याच्या हाती मी फेणे दिला. पहिले पान त्याने ढेकळांतून चालावे तसे वाचले. कितीतरी शब्द अडले. ‘ट्टॉक्’पाशी आला आणि हसला. “सर, हा तर आम्ही गुरामागं काढतो!” म्हणाला, आणि जीभ टाळूला लावून असा खणखणीत आवाज काढला, की अंगणातली गाय वळून पाहू लागली. मग अडलेले शब्द त्याने खुशाल ओलांडले. दोन पाने झाल्यावर विचारले, “फुरसुंगी म्हणजे आपल्यासारखंच गाव का?”

याच तालुक्यात, कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ सालापासून काम करीत होत्या. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. शिक्षणाने मुलाकडे चालत जायचे, हे इथल्या मातीला नवे नाही. पुस्तकांनी ती पायपीट अजून पुरेशी केलेली नाही. रानशेतहून निघालेला, वारलीत विचार करणारा आणि मराठीत फजिती करून घेणारा एखादा काटकुळा नायक मी माझ्या कपाटात शोधला. वीस पुस्तके जाऊ द्या, एकही मिळाले नाही.

शेजारचा मुलगा दुसरे पुस्तक मागायला आला, तेव्हा मी त्याच्यापुढे चार-पाच ठेवली. त्याने नावे वाचली आणि ‘जंगलपटात फास्टर फेणे’ उचलले. पुण्याच्या शाळेतल्या पोराला जंगलातले काय कळते, ते त्याला तपासायचे होते.