संकटकाळात शहरातल्या सामूहिक बागा: हवानाच्या वाफ्यांनी काय भागवले, काय नाही

एप्रिल-मे २०२० मध्ये वाशी आणि पुण्याचे घाऊक भाजीबाजार काही दिवस बंद राहिले होते. तेव्हा तुमच्या घरी मेथीची जुडी कशी पोहोचली, आठवते का? शहराचे अन्न दोन-चार मोठ्या बाजारांतून आणि डिझेलच्या ट्रकमधून येते. हा धागा तुटला, तर सोसायटीतली किंवा वस्तीतली सामूहिक बाग किती उपयोगी पडेल? याचे उत्तर शोधायला क्युबाची राजधानी हवाना हे चांगले उदाहरण आहे, कारण तिथे ही परीक्षा एकदा होऊन गेली आहे आणि आता पुन्हा सुरू आहे.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाला मिळणारे तेल, खते आणि धान्य आटले. हवानाच्या लोकांनी मोकळ्या भूखंडांवर, पडक्या इमारतींच्या जागी विटा-सिमेंटच्या बुटक्या भिंतींचे वाफे बांधले. त्यांत माती आणि कंपोस्ट भरून लेट्यूस, मुळा, पालेभाज्या लावल्या. या वाफ्यांना तिथे ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. भाजी सकाळी काढायची आणि वाफ्याशेजारीच विकायची. ट्रक नको, शीतगृह नको.

ही गोष्ट साधारण इथेच थांबवून सांगितली जाते. डॉक्टर म्हणून मला तिचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९९१ ते १९९३ या काळात क्युबात ५० हजारांहून अधिक लोकांना मज्जातंतूंचा आजार झाला. कोणाची दृष्टी अंधुक झाली, रंग ओळखू येईनासे झाले. कोणाच्या पायांची आग होऊ लागली, पाय बधिर पडले. साखर भरपूर पण प्रथिने आणि ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे अपुरी असा आहार, त्यात तंबाखू आणि दारू, अशी कारणे एकत्र आली होती. ही साथ ओसरली ती १९९३ मध्ये सरकारने सर्व नागरिकांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्यावर. त्याचे श्रेय बागांना देता येत नाही. बागांचा खरा विस्तार त्यानंतरच्या वर्षांत झाला.

याचे कारण समजून घ्या. पाव किलोच्या पालकाच्या जुडीतून जेमतेम ५०-६० कॅलरी मिळतात, आणि प्रौढ माणसाला दिवसाला दोन हजारांच्या आसपास लागतात. म्हणजे भाजीच्या बागेने पोट भरत नाही. बी-१२ तर वनस्पतींमधून मिळतच नाही. मात्र फोलेट, ‘क’ जीवनसत्त्व आणि ‘अ’ जीवनसत्त्व बनवणारे कॅरोटीन पालेभाजी भरपूर देते. संकटात रेशनवर तांदूळ, गहू, साखर, तेल येते. हे घटक येत नाहीत. ती उणीव बाग भरून काढते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी ही छोटी गोष्ट नाही.

आता आजचे क्युबा पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने सात वर्षांखालील मुलांच्या दूध पावडरीसाठी जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपूर्ण देशाची वीज एकदम गेली. फ्रिज बंद असताना त्याच दिवशी काढलेली भाजी मोलाची ठरते हे खरे, पण वीज नसली की पाण्याचा पंपही चालत नाही. आणि दूध कोणत्याच वाफ्यात उगवत नाही. त्यामुळे ‘क्युबाने बागा लावून भूक जिंकली’ असे कोणी सांगितले, तर ते अर्धेच खरे माना.

तुमच्या सोसायटीत किंवा वस्तीत बाग करायची असेल तर?

संकट आल्यावर बी पेरून उपयोग नाही. मेथी-मुळ्याला तीन-चार आठवडे लागतात आणि चांगली माती तयार व्हायला कित्येक महिने. आपल्याकडे प्रा. श्रीपाद दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने स्वयंपाकघरातल्या कचऱ्यापासून माती करण्याचा रस्ता फार पूर्वीच दाखवून ठेवला आहे. जागा निवडताना आधी तिथे काय होते ते विचारा. जुने गॅरेज, बॅटरीचे दुकान किंवा मोठ्या रहदारीचा रस्ता असेल तर मातीत शिसे असू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा धोका सर्वाधिक असतो. अशा ठिकाणी जमिनीत न लावता बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करा. नाल्याचे पाणी कधीही वापरू नका. त्यातून जंतांची अंडी भाजीवर येतात, आणि फीतकृमीची अंडी पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. कच्ची खायची पाने वाहत्या पाण्याखाली एकेक करून धुवा. कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

वॉरफेरिन घेणाऱ्यांनी बागेत बहर आला म्हणून पालेभाजी अचानक वाढवू नये. औषधाचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचे पथ्य डॉक्टरांना विचारून ठरवा.